झिंगराजीचा डेबू

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला पहिला आठवतो तो खराटा. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या वऱ्हांड्यात, ग्रामस्वच्छता अभियानाच्या फलकावर बाबा असतात ते असेच. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्यांचे कपडे, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. आमच्या पवनीत काय किंवा तुमच्या गावात काय, त्यांची जयंती म्हणजे सकाळी उठून रस्ता झाडायचा, फोटो काढायचा आणि चहा पिऊन घरी यायचं.

मैत्रिणींनो, मला मात्र बाबा दुसऱ्याच कारणासाठी जवळचे वाटतात. ते एका दारू पिणाऱ्या माणसाचा मुलगा होते. ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक चरित्रात आहे, पण आपण ती एका वाक्यात वाचतो आणि पुढे जातो. ज्या घरात दारू आहे, त्या घरातली बाई मात्र त्या एका वाक्यापाशी थांबते. मीही थांबले.

बाबांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परीट समाजातलं. वडील झिंगराजी, आई सखूबाई. घर काही अगदीच कंगाल नव्हतं. पण त्या काळी देवाच्या नावानं कंदुरी व्हायची, बकरं कापलं जायचं आणि त्यासोबत दारू यायची. बारसं असो, लग्न असो की तेरवी असो, जातीच्या पंगतीत दारू हवीच. कुणी ती पाजली नाही तर त्याचीच नाचक्की. झिंगराजी हे असेच प्यायला लागले. आधी देवासाठी, मग पाहुण्यांसाठी आणि मग कुणासाठीच नाही, नुसतं प्यायचं म्हणून.

पुढचं सगळं आपल्या ओळखीचं आहे. होतं नव्हतं ते गेलं. शरीर खचलं. १८८४ साली झिंगराजी वारले, तेव्हा डेबू अवघा आठ वर्षांचा होता. बाबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं आहे. शेवटच्या दिवसांत झिंगराजींना फार पश्चात्ताप झाला, या पोराला दारूपासून आणि असल्या नवसासायासांपासून लांब ठेव असं त्यांनी सखूबाईंना सांगितलं, अशी हकिगत चरित्रांतून येते.

मी ही हकिगत वाचते तेव्हा मला झिंगराजींचा राग येत नाही, कीव येते. या माणसाला कळत होतं. आपलं घर बुडतंय हे त्याला दिसत होतं. पण पिताना सोबतीला अख्खी पंगत होती आणि सोडायचं म्हटलं तर सोबतीला कुणीच नव्हतं.

आणि सखूबाई? आठ वर्षांचं पोर हाताशी घेऊन ही बाई माहेरी निघाली. दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यात, भावाकडे. नवरा दारूपायी गेलेली बाई माहेरी येते तेव्हा तिच्याकडे कसं बघितलं जातं, हे मला तुम्हाला सांगायला नको. पोरगाही बापासारखाच निघणार, हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. सखूबाईंनी हे सगळं सोसलं असणार. त्यांच्याबद्दल फार कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण डेबूनं आयुष्यभर दारूला शिवलं नाही, यात त्या माउलीचा वाटा किती असेल, याचा अंदाज कुठलीही आई करू शकेल.

मामाच्या घरी, चंद्रभानजींकडे, डेबू गुरं राखायला लागला. नदीत पोहायचा, गोठा झाडायचा, मोठा झाल्यावर नांगर धरायचा. शेतीत त्याचा हात असा बसला की सगळं रान त्याच्यावरच सोपवलं गेलं. रात्री भजनात रमायचा. शाळा मात्र त्याच्या वाट्याला आली नाही.

त्या घरावर दुसरं संकट आलं ते कर्जाचं. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि कसदार जमीन हातची गेली. त्या धक्क्यानं मामाही गेले. म्हणजे बघा, वडिलांना दारूनं नेलं आणि मामाला कर्ज नि अडाणीपणानं. बाबांनी पुढे पन्नास वर्षं कीर्तनातून जे सांगितलं, ते पोथीतून आलेलं नव्हतंच. दारू पिऊ नका, कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, देवाच्या नावानं जनावर मारू नका. ही चारही वाक्यं त्यांच्या घरात घडून गेलेली होती.

१८९२ साली डेबूजींचं लग्न झालं. कमळापूरच्या कुंताबाई सून म्हणून घरात आल्या. पहिली मुलगी झाली, अलोका. तिचं बारसं ठरलं. आता बारसं म्हणजे बकरं आणि दारू, हा जातीचा रिवाज. डेबूजींनी तो मोडला. पंगतीला गोडाधोडाचं जेवण वाढलं. बकरं नाही, दारूचा थेंब नाही. भाऊबंद नाराज झाले. रिवाज मोडला म्हणून कुरकुर झाली. डेबूजी मागे हटले नाहीत.

मला बाबांच्या सगळ्या चरित्रात हा प्रसंग सर्वात मोठा वाटतो. पुढे त्यांनी मोठमोठ्या धर्मशाळा बांधल्या, हजारोंच्या सभा गाजवल्या. पण ज्या पंगतीनं बापाला प्यायला शिकवलं, त्याच पंगतीत, आपल्याच भाऊबंदांसमोर, स्वतःच्या लेकीच्या बारशाला दारू नाही म्हणणं हे जास्त अवघड आहे. बाहेरच्या लोकांना सांगता येतं हो, घरच्यांना नाही म्हणताना जीभ जड होते. आणि त्या दिवशी चुलीपाशी कोण राबत असेल? कुंताबाई बाळंतीण, म्हणजे सखूबाईच. नवऱ्याला ज्या पंगतीनं खाल्लं, ती पंगत नातीच्या बारशाला आपल्या हातानं बदलताना त्या बाईला काय वाटलं असेल!

नंतर आली १ फेब्रुवारी १९०५ ची पहाट. डेबूजी घर सोडून निघाले. वय अठ्ठावीस. मागे म्हातारी आई, बायको, लेकरं. हातात काठी आणि मातीचं गाडगं. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबुवा, गाडगेबाबा म्हणू लागले.

इथे आपल्यातल्या अनेकजणी थबकतात आणि थबकायलाच हवं. दारू पिणारा नवरा घर सोडून जातो, आणि न पिणारा संतही घर सोडून जातो. कुंताबाईंच्या चुलीला दोन्हीत फरक काय? मी हा प्रश्न स्वतःला बरेचदा विचारला आहे. उत्तर सोपं नाही आणि बाबांचं मोठेपण सांगताना तो प्रश्न दडपूनही ठेवू नये. पुढे ऋणमोचनच्या यात्रेत घरच्यांची आणि त्यांची गाठ पडली, पण संसारात ते परतले नाहीत. लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या तरी त्यावर आपल्या घरच्यांचा हक्क नाही, हा त्यांचा दंडक होता. कुंताबाईंनी गरिबीतच दिवस काढले. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा कुत्रा चावून गेला. ती बातमी आली तेव्हा बाबा कीर्तन करत होते आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. लोक हा त्यांचा वैराग्याचा कळस मानतात. मला त्या वेळी गोविंदाची आई दिसते. बाबांनी असंख्य घरं सावरली, त्याची किंमत एका घरानं मोजली. ते घर कुंताबाईंचं होतं, एवढं तरी आपण बायकांनी लक्षात ठेवावं.

बाबांचं काम कसं चालायचं? गावात शिरले की आधी रस्ते, गटारं झाडायची. भाकरी मागायची ती सुद्धा काम करून. कुणी पाया पडायला आलं तर काठी उगारायची. दिवसभर गाव स्वच्छ केलं की रात्री कीर्तन. ते कीर्तन म्हणजे व्याख्यान नव्हतं. बाबा वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. दारू पिणाऱ्याच्या घरी काय होतं, पोरं काय खातात, बायकोच्या अंगावर लुगडं कसलं असतं, हे ते विचारत जायचे आणि समोर बसलेल्या माणसाच्या तोंडूनच त्याच्या घरची गोष्ट बाहेर पडायची. त्यात हसू असायचं, टाळ्या असायच्या आणि मध्येच कुणाचा तरी गळा दाटून यायचा. कुणाला शिव्या नाहीत, कुणाला पापी ठरवणं नाही. स्वतः अडाणी आहे, मला काही येत नाही, असं म्हणूनच बाबा सुरुवात करायचे.

आपल्याला वाटतं, दारू सोडवणं म्हणजे समजावणं. माणसाला किती समजावलं हो आपण! पण समजावून कळतं, सुटत नाही. बाबांच्या कीर्तनात जी ताकद होती ती समजावण्याची नव्हती. आपल्यासारख्याच शंभर जणांत बसून आपली गोष्ट मोठ्यानं बोलली जाते, आणि तरीही आपल्याला कुणी हाकलून देत नाही, ही ती ताकद होती.

पण कीर्तन एका रात्रीचं. सकाळी बाबा पुढच्या गावी. मग शपथ घेतलेल्या माणसानं संध्याकाळी कुठे जाऊन बसायचं? बाबांना मानणाऱ्या तुकडोजी महाराजांनी याचं उत्तर आपल्या विदर्भात शोधलं. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं झाली. दिवेलागणीला गावानं एकत्र बसायचं, सामुदायिक प्रार्थना करायची. आमच्या झाडीपट्टीत ही प्रार्थना अनेक गावांनी पाहिली आहे. ज्या वेळी पावलं दारूच्या गुत्त्याकडे वळतात, नेमक्या त्याच वेळी माणसाला बसायला दुसरी जागा मिळाली.

आणि गंमत बघा, त्याच १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या गावात दोन दारुडे एकमेकांना भेटले. एक बिल विल्सन, शेअर बाजारातला. दुसरे डॉक्टर बॉब स्मिथ. एकट्यानं सुटत नाही, पण दुसऱ्या दारुड्याशी बोललं की आजचा दिवस निघतो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं. पुढे १९५१ मध्ये बिलची बायको लुईस हिनं घरच्या माणसांसाठी अल-अनॉन उभं केलं. कारण नवरे बैठकीत बसायचे आणि बायका बाहेर वाट बघत. त्याही आजारी पडलेल्याच होत्या ना, फक्त प्यायल्या नव्हत्या! आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तिथेही पिणाऱ्यांच्या बायकांचा गट आहे, सहचरी नावाचा.

आता माझ्या घरचं थोडं सांगते. पवनी म्हणजे वैनगंगेच्या काठचं जुनं गाव. घाट, देवळं, जुना परकोट, एकेकाळचे विणकर. भोवती धानाची शेती आणि मोहाची झाडं. दिवाळीनंतर मंडई भरली की नाटकाचा तंबू एकीकडे आणि मोहाची बाटली दुसरीकडे. माझा थोरला भाऊ याच गावातला. त्यानं घाटावर पाणी हातात घेऊन शपथ घेतली, ती पुढच्या मंडईपर्यंत टिकली. मग पोरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतली, ती रोवणीपर्यंत टिकली. वहिनीनं दोनदा माहेर गाठलं, दोनदा परत आली. शेजारणीनं एक पुडी आणून दिली, भाजीत कालवायची, त्याला कळू द्यायचं नाही म्हणून. वहिनीनं ती डॉक्टरांना दाखवली आणि बरंच केलं. ते म्हणाले की दारू सोडायच्या गोळ्या रुग्णाला सांगूनच द्यायच्या असतात. डायसल्फिरामसारखी गोळी पोटात असताना वरून दारू गेली तर जिवावर बेतू शकतं.

त्याच डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केलं तर हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. तेव्हा पहिले काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली काढायचे. औषधानं अंगातली दारू उतरते. त्यानंतरची वर्षं मात्र माणसांच्या सोबतीनं काढावी लागतात. म्हणजे गट शोधा.

पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात गट शोधायचा कसा? विचारणार कुणाला? विचारलं की गावभर झालंच. वहिनीनं सुरुवात भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापासून केली. तिथून नागपूरच्या बैठकांचा पत्ता मिळाला. रविवारी एसटीनं भाऊ जाऊ लागला. पहिल्यांदा तो दारातूनच परत आला. दुसऱ्यांदा आत गेला, पण बोलला नाही. तिथे कुणी जात विचारली नाही, पैसे मागितले नाहीत, आडनावसुद्धा विचारलं नाही. दारू सोडायची इच्छा आहे ना, मग बस, एवढंच. तिसऱ्या-चौथ्या वेळी एक म्हातारे गृहस्थ स्वतःची गोष्ट सांगत होते आणि माझ्या भावाला वाटलं की ही तर आपलीच गोष्ट चालली आहे. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला आणि शांत झोपला, हे वहिनी अजून सांगते.

दर आठवड्याला नागपूर परवडणारं नव्हतं. मग भावाला पवनीच्याच आसपासचे दोघं भेटले, तेही तसेच लपतछपत जाणारे. तिघं मिळून एकाच्या छपरीत बसायला लागले. पुढे पाच झाले. मध्ये एक जण पुन्हा प्यायला, त्याला परत बोलावून आणलं. त्यांची नावं मी लिहिणार नाही, नाव न सांगणं हा त्या बैठकीचा नियमच आहे. वहिनी आणि आणखी दोघीजणी आत, विड्या वळता वळता, आपलं वेगळं बसतात. त्या नवऱ्यांच्या तक्रारी करत नाहीत. रात्री बाटली शोधत घर पालथं घालायचं की नाही, त्याच्या मालकाला खोटं कारण सांगायचं की नाही, पोरांना किती सांगायचं, असं बोलतात. भाऊ आज नीट आहे. उद्याचं ते लोक बोलत नाहीत, म्हणून मीही बोलत नाही.

दारूबंदीवरही आमच्याकडे खूप चर्चा होते. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ मध्ये उठली. भंडारा जिल्ह्यात ती नाही. कायदा येईल, जाईल, त्यासाठी बायकांनी लढावंच. पण आज संध्याकाळी सात वाजता ज्याचे पाय गुत्त्याकडे निघाले आहेत, त्याला आजच कुठेतरी बसायला जागा हवी.

बाबांचं शेवटचं सांगते. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं अखेरचं कीर्तन झालं. पुढच्या महिन्यात, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर गेले. बाबांना त्यांच्याबद्दल अपार माया होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलापाशी प्रवासातच बाबांनी डोळे मिटले. शेवटपर्यंत स्वतःचं घर नव्हतं, पैसा नव्हता, शिष्य म्हणून कुणाला मानलं नव्हतं. दारुड्याच्या ज्या पोराबद्दल दापुऱ्यात कुणीतरी कुजबुजलं असेल, त्याच्या समाधीवर अमरावतीत आज गर्दी होते आणि त्याच्या नावाचं विद्यापीठ आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात किंवा शेजारी झिंगराजी असेल, तर त्याला मरणाच्या दारात पश्चात्ताप करायला एकटं सोडू नका, आणि स्वतःही एकट्या राहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४४६, फोन फुकट लागतो. जवळच्या शहरात ए.ए.ची बैठक कुठे भरते, घरच्यांसाठी अल-अनॉन आहे का, हे विचारून घ्या. तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही जा. मारहाण होत असेल तर आधी स्वतःला आणि लेकरांना सुरक्षित ठेवा, बाकी सगळं नंतर. आणि गावात काहीच नसेल तर दोन घरं एकत्र या. बसायला एक छपरी लागते आणि चहा लागतो, बस.

घरातलं पुढचं बारसं कुणाचं आहे? त्या पंगतीपासून सुरुवात करता येईल.